इच्छापूर, पण कोणत्या सालचं?
लेखमाला : कल्पनेतलं गाव – भाग ४

मागच्या भागात खेळासाठी गाव ठरलं : बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं इच्छापूर. महाराष्ट्राच्या सीमेला खेटून, टेकडीवर इच्छादेवीचं मंदिर आणि इंदूरहून येणाऱ्या महामार्गाला ज्याचं नाव लागलं ते. चार-पाच गडी, फासे आणि गेम मास्टर, म्हणजे खेळाचा सूत्रधार, एवढी जुळवाजुळव झाली. आता मुद्द्याचा प्रश्न : हे इच्छापूर कोणत्या सालचं?

साल बदललं तरी तापी तिथेच वाहते, असीरगडही हलत नाही. धनी मात्र बदलतो. १५९९ मध्ये हा मुलूख फारुकी सुलतानांचा, १६०१ नंतर मोगलांचा, १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर पेशव्यांचा आणि पुढे शिंद्यांचा. वाटेत अडवणारा शिपाई कोणाच्या नावाने दरडावतो, खिशातलं नाणं कोणाच्या छापाचं, जंगलात पळालं तर आसरा कोण देतो, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं.

जगभरच्या खेळकर्त्यांना या प्रश्नाने घाम फोडला आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला. त्याचं सर्वांत गाजलेलं कल्पित जग, ‘फर्गॉटन रेल्म्स’, १९८७ पासून विकलं जाऊ लागलं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत या जगाची दिनदर्शिका एकदम सुमारे शंभर वर्षं पुढे ढकलली गेली. ओळखीची राज्यं बुडाली, ओळखीची माणसं काळाच्या पडद्याआड गेली आणि वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांना आपल्याच गावात परकं वाटू लागलं.

टोल्किनच्या मध्य-पृथ्वीवर खेळ रचणाऱ्यांनी उलटी वाट धरली. १९८४ च्या ‘मिडल-अर्थ रोल प्लेइंग’ने तिसऱ्या युगाचं १६४० च्या आसपासचं साल घेतलं, म्हणजे अंगठीच्या युद्धाच्या जवळजवळ चौदाशे वर्षं आधी. २०११ चा ‘द वन रिंग’ २९४६ पासून सुरू होतो, युद्धाच्या सुमारे सत्तर वर्षं आधी. दोघांनीही प्रसिद्ध युद्ध टाळलं, कारण त्या युद्धाचे नायक आधीच ठरलेले आहेत. फ्रोडो अंगठी घेऊन निघाल्यावर बाकीच्यांनी करायचं काय?

बऱ्हाणपुरात हीच अडचण १६८१ ची आहे. त्या वर्षी जानेवारीत राज्याभिषेक झाल्यावर काही दिवसांतच संभाजी महाराजांच्या फौजेने शहराचं श्रीमंत बहादूरपुरा हे उपनगर लुटलं. ‘छावा’ चित्रपटामुळे तो प्रसंग आता पोरासोरांनाही पाठ आहे. साहजिकच प्रत्येक चमूला पहिल्यांदा तेच साल सुचतं. पण तिथे निर्णय महाराज घेणार, घोडदळ हंबीरराव हाकणार. खेळणाऱ्यांच्या हाती उरणार ते मागे मागे धावणं. शेवट सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे फासे टाकण्यातली धाकधूकही जाते.

मराठी कादंबरीकाराने या पेचावर फार पूर्वीच तोड काढली होती. रा. भि. गुंजीकरांनी १८७१ मध्ये ‘मोचनगड’ लिहिली तेव्हा काळ शिवकालाचा घेतला, गड मात्र कल्पित. खरा काळ असल्यामुळे कथेला वजन येतं, गड काल्पनिक असल्यामुळे पात्रांना हातपाय हलवायला जागा मिळते.

मग बऱ्हाणपूरसाठी कोणतं साल?

१६००-०१ चा विचार करण्याजोगा आहे. अकबराने असीरगडाला वेढा घातला आणि १६०१ च्या जानेवारीत गड पडला. कसा पडला, यावर मात्र साधनांचं एकमत नाही : दरबारी इतिहास रोगराईचा दाखला देतो, जेझुइटांच्या हकिकतीत सोन्याचा आणि दग्याचा वास आहे. सूत्रधाराला अशी फट हवीच असते. अडचण एवढीच, की निम्मा वेळ सगळे गडात कोंडलेले.

१८१८-१९ तर भटक्या साहसवीरांसाठी जणू मुद्दाम बेतलेलं. पेशवाई बुडालेली, दुसऱ्या बाजीरावाने असीरगडाच्या परिसरात इंग्रज सेनानी माल्कमपुढे शरणागती पत्करलेली, बिनपगारी शिपाई रानोमाळ हिंडताहेत. याच रानात चितू पेंढाऱ्याला वाघाने मारलं. अनुभवी, जरा काळोखी गोष्ट आवडणाऱ्या चमूने हा काळ जरूर घ्यावा.

नवख्यांनी मात्र १६१५ धरावं.

त्या वर्षी शहरात कुंडी भंडाऱ्याचं काम चालू आहे. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणायचं आणि वाटेत ठिकठिकाणी विहिरीसारख्या कुंड्या खणायच्या, अशी ती योजना. श्रेय मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानाला दिलं जातं. ‘डंजन्स’ खेळणाऱ्यांना तळघर कल्पनेने उभं करावं लागतं, इथे ते आयतं आहे. पहिलाच प्रसंग घ्या : इच्छापूरचे चार मजूर दोर बांधून नव्या कुंडीत उतरतात. कंदील विझतो. ओल्या दगडापलीकडून कुदळीचा आवाज येतो, आणि त्या बाजूला तर खणायला कोणी गेलेलंच नाही. कोण पुढे जाणार? टाका फासे.

वर जमिनीवरही गर्दी कमी नाही. नोव्हेंबरात इंग्रज वकील थॉमस रो मोगल शाहजादा परवेझच्या भेटीला येतो. त्याने नजर केलेल्या बाटल्यांतली शाहजाद्याला अशी चढते, की ठरलेली पुढची भेट राहूनच जाते. दक्षिणेत मलिक अंबर मोगलांच्या नाकी नऊ आणतो आहे. दोनच वर्षांनी, १६१७ मध्ये, जहांगीर तंबाखूवर बंदी घालणार आहे; चोरट्या व्यापाराचं एक कथानक त्यातून सहज निघतं. चहाची टपरी मात्र कोणी मागू नये. ती अजून नाही.

मुख्य म्हणजे पुढे पंधरा वर्षांची मोकळी वाट आहे. ग्रेग स्टॅफर्डच्या ‘पेंड्रॅगन’ खेळाची महामोहीम इ.स. ४८५ ते ५६६ अशी चालते : साधारण एका बैठकीत एक वर्ष, आणि सरदार म्हातारा झाला की त्याचा मुलगा तलवार उचलतो. तीच चाल इथे लावली, तर १६३० चा दख्खनचा भीषण दुष्काळ आणि १६३१ च्या जूनमध्ये बऱ्हाणपुरातच झालेला मुमताजमहलचा मृत्यू येईपर्यंत पात्रांची घरं, कर्जं आणि वैरं तयार झालेली असतात. दुष्काळ मग इतिहासाच्या पुस्तकातला राहत नाही, त्यांच्या कणगीतला होतो.

एवढं करूनही काळ बदलावासा वाटला तर? असीरगडावर अश्वत्थामा आजही महादेवाच्या पूजेला येतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. मरण नसलेलं हे पात्र कोणत्याही सालात भेटू शकतं. १६१५ मध्ये कुंडीच्या तोंडाशी दिसलेला, कपाळावर जखम असलेला म्हातारा १८१९ मध्ये तशाच जखमेसह पुन्हा समोर आला, की दोन डाव आपोआप एका सुतात ओवले जातात.

पुढच्या भागात पात्रं घडवायची आहेत : मजूर, विणकर, हरकारा, वैद्य. तोवर चमूने एकत्र बसून साल पक्कं करावं आणि कागदावर तीन उत्तरं लिहावीत : सारा कोण वसूल करतो, भीती कोणाची आहे, आणि कोणती गोष्ट अजून ठरायची आहे. तिसरं उत्तर सुचत नसेल, तर साल बदलावं.