“बाळ कसं आहे?”

२०२१च्या एप्रिलअखेरची गोष्ट. पहिल्या बाळंतपणासाठी लेक डोंबिवलीहून रत्नागिरीला माहेरी आली होती. माळ्यावर आंब्याची अढी घातलेली, बाळंतविडा शिवून तयार. आणि नववा महिना लागता लागता तिला ताप भरला. बोटाला लावायचे ते चिमट्यासारखे यंत्र तेव्हा घरोघरी आले होते. सकाळी ९७ दाखवणारा आकडा संध्याकाळी ९२वर आला. रातोरात तिला दवाखान्यात नेले. तपासणीत कोरोना निघाला.

फोनवर जो तो एकच विचारी, “बाळाला काही नाही ना?” नणंदेने विचारले, विहीणबाईंनी विचारले आणि खोटे कशाला बोलू, माझ्याही मनात तेच होते. बाळंतिणीने सोसायचे असते, ही आपली जुनी समजूत. डॉक्टरीणबाईंनी मात्र मला दटावलेच. “काकू, बाळाचं मी बघते. जास्त धोका तुमच्या लेकीला आहे.”

त्यांनी समजावले ते असे. दिवस भरत आले की गर्भाशय वर सरकते, फुप्फुसांना फुलायला जागा उरत नाही. त्यात दोन जिवांसाठी प्राणवायू जास्त लागतो आणि रक्तात गुठळ्या होण्याकडे कल वाढतो. अशा वेळी हाच विषाणू गरोदर बाईला अधिक जड जातो. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या ‘प्रेगकोविड’ नोंदवहीतले आकडे मी पुढे वाचले आणि अंगावर काटा आला. १५३० बाधित गरोदर स्त्रिया व बाळंतिणींपैकी पहिल्या लाटेत हजारी ७ दगावल्या होत्या. दुसऱ्या लाटेत हजारी ५७!

नवजात बाळांना आईकडून लागण क्वचितच होते. त्यांचा खरा धोका वेळेआधी जन्मण्याचा. आमचे बाळही तीन आठवडे आधीच आले, पण ठणठणीत रडले. लेक आठ दिवस प्राणवायूवर होती. सुरुवातीच्या काळात ठिकठिकाणी बाळाला आईपासून दूर ठेवीत. आमच्याही नातेवाइकांचा तोच आग्रह. जागतिक आरोग्य संघटना मात्र सांगत होती, तोंडाला मास्क लावा, हात स्वच्छ धुवा आणि बाळाला खुशाल अंगावर पाजा. बसण्याइतकी ताकद येताच लेकीने तेच केले. मी हे सारे फोनच्या काचेतून पाहिले. पाचवी पुजायची राहिली ती राहिलीच.

लसीचे विचाराल, तर अंगावर पाजणाऱ्या मातांना १९ मे रोजी परवानगी मिळाली आणि गरोदर स्त्रियांना २ जुलैला. तोवर दुसरी लाट बरीच ओसरली होती. त्या दोन महिन्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

लेक घरी आली १५ मेला. दुसऱ्याच दिवशी तौक्ते वादळ किनाऱ्यालगत घोंघावत गेले. माडाची झावळी कौलांवर आदळली, वीज गेली. शेजारच्या काकूंनी अंगणापलीकडूनच हाक घातली, “बाळ कसं आहे गो?”

“झोपलंय,” मी म्हटले. बाळ खरेच झोपले होते. मेणबत्तीच्या उजेडात मी लेकीच्या छातीकडे पाहत तिचे श्वास मोजत बसले होते.