सात रुपयांचा शेअर स्वस्त अन् लाखाचा महाग?

शेअर बाजारात नव्याने उतरणारा गुंतवणूकदार बहुधा भाजीबाजारातील हिशेब मनात घेऊन येतो. तेथे दहा रुपयांची जुडी वीस रुपयांच्या जुडीपेक्षा स्वस्त असते. शेअरच्या बाबतीत मात्र हा हिशेब चालत नाही. तरीही 'पाच-दहा रुपयांचे शेअर भरपूर घेऊन ठेवावेत, कधी तरी शंभरावर जातील' या समजुतीपोटी अनेकांची बचत अडकून पडते. हे टाळायचे असेल तर अर्थविषयक पानांवर रोज भेटणाऱ्या काही शब्दांचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

बाजारभाव आणि बाजारमूल्य

एका शेअरची त्या क्षणी चालू असलेली किंमत म्हणजे बाजारभाव. या भावाला कंपनीच्या एकूण शेअरसंख्येने गुणले की बाजारमूल्य मिळते. कंपनी किती मोठी, हे बाजारमूल्यावरून ठरते, भावावरून नव्हे. टायर बनविणाऱ्या एमआरएफ कंपनीच्या शेअरने जून 2023 मध्ये एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. तेव्हा कंपनीचे एकूण शेअर अवघे 42 लाखांच्या आसपास होते. म्हणजे त्या भावाने बाजारमूल्य झाले सुमारे 42 हजार कोटी रुपये. याउलट, व्होडाफोन आयडियाची सरकारी देणी एप्रिल 2025 मध्ये शेअरमध्ये रूपांतरित झाल्यानंतर तिची शेअरसंख्या दहा हजार कोटींच्या पुढे गेली. भाव सात रुपये धरला तरी बाजारमूल्य 70 हजार कोटींहून अधिक भरते. भाव सात रुपये असूनही संपूर्ण कंपनीची किंमत लाखाच्या शेअरवाल्या कंपनीहून मोठी ठरते, ती अशी.

दर्शनी मूल्य आणि लाभांश

कंपनीच्या भागभांडवलाचे समान भाग पाडताना प्रत्येक भागाची जी किंमत ठरविली जाते, ती दर्शनी मूल्य म्हणून ओळखली जाते. बहुतेक कंपन्यांत ती एक, दोन, पाच किंवा दहा रुपये असते. बाजारभावाशी तिचा थेट संबंध नसतो. लाभांशाची टक्केवारी मात्र याच दर्शनी मूल्यावर काढली जाते आणि येथेच अनेकांची फसगत होते. '200 टक्के लाभांश' हे शब्द वाचून पैसे तिप्पट झाल्याचा भास होतो. दर्शनी मूल्य एक रुपया असेल, तर हा लाभांश शेअरमागे केवळ दोन रुपये असतो. तो शेअर 500 रुपयांना घेतला असेल, तर गुंतवणुकीवरील परतावा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून लाभांशाची तुलना नेहमी खरेदीच्या भावाशी करावी.

बोनस आणि विभाजन

कंपनी आपल्या राखीव निधीतून भागधारकांना विनामूल्य शेअर देते, त्याला बोनस म्हणतात. विभाजनात एका शेअरचे अनेक तुकडे केले जातात आणि दर्शनी मूल्य त्याच प्रमाणात घटते. दोन्ही वेळा शेअरची संख्या वाढते. पण भाव त्याच प्रमाणात उतरतो. रिलायन्स इंडस्ट्रीजने एकास एक बोनस दिला, तेव्हा 28 ऑक्टोबर 2024 रोजी तिचा भाव सुमारे 2,650 रुपयांवरून 1,330 रुपयांच्या घरात आला. टाटा स्टीलने जुलै 2022 मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे एक रुपयाच्या दहा शेअरमध्ये विभाजन केले, तेव्हा भाव साधारण एक दशांश झाला. पोळीचे दोन तुकडे केले काय किंवा दहा केले काय, पोळी एकच राहते. अशा दिवशी 'शेअर निम्म्यावर आला' म्हणून घाबरून विकणे किंवा स्वस्त झाला म्हणून घाईने घेणे, दोन्ही चुकीचेच.

पीई गुणोत्तर

मग शेअर स्वस्त की महाग, हे ओळखावे कसे? त्यासाठी भावाची सांगड कंपनीच्या कमाईशी घालावी लागते. निव्वळ नफ्याला शेअरसंख्येने भागले की प्रतिशेअर उत्पन्न मिळते आणि बाजारभावाला या उत्पन्नाने भागले की पीई गुणोत्तर. भाव 400 रुपये आणि उत्पन्न 20 रुपये असेल, तर पीई 20 होतो. भाव 10 रुपये, पण उत्पन्न केवळ 10 पैसे असेल, तर पीई 100 होतो. म्हणजे कमाईच्या तुलनेत दहा रुपयांचा शेअर पाचपट महाग! तोट्यातील कंपनीला हे गुणोत्तर लावताच येत नाही. तुलनाही एकाच उद्योगातील कंपन्यांची करावी. बँकेचा पीई औषध कंपनीशी ताडून उपयोग नाही.

अर्थात, हे गुणोत्तर कंपनीच्या हिशेबावर उभे असते. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम कॉम्प्युटरचे संस्थापक बी. रामलिंग राजू यांनी ताळेबंदातील आकडे फुगविल्याची कबुली दिली आणि एकाच दिवसात त्या शेअरचा भाव तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. नफ्याबरोबरच कंपनीच्या हाती प्रत्यक्ष येणारी रोकड, तिच्यावरील कर्ज आणि प्रवर्तकांनी तारण ठेवलेले शेअर पाहणे म्हणूनच महत्त्वाचे.

सर्किट

एका दिवसात भाव किती चढावा वा उतरावा, यावर अनेक शेअरना दोन, पाच, दहा किंवा वीस टक्क्यांची मर्यादा असते. तिला सर्किट म्हणतात. किरकोळ भावाचे, कमी उलाढालीचे शेअर मूठभर मंडळी सहज चढवू शकतात. रोज वरचे सर्किट लागत असल्याचे संदेश मोबाइलवर फिरतात आणि सामान्य गुंतवणूकदार उशिरा आत शिरतो. पुढे खालचे सर्किट लागू लागले की विकायला रांग असते, घ्यायला कोणीच नसते. कागदावर भाव दिसतो. पण पैसे हाती येत नाहीत.

सल्ला देणारी व्यक्ती 'सेबी'कडे नोंदणीकृत आहे का, हे त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येते. तथापि, कोणाचाही सल्ला घेण्यापूर्वी कंपनीचे बाजारमूल्य किती, ती कमावते किती आणि तिच्यावर कर्ज किती, हे तीन प्रश्न गुंतवणूकदाराने स्वतः विचारलेले बरे. त्यांची उत्तरे मिळाल्याशिवाय सात रुपयेही महागच पडू शकतात.