माकडताप: आरोप माकडावर, चावा गोचिडीचा

काजूचा हंगाम तोंडावर आला, की दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: “आधी ह्या माकडांचो बंदोबस्त करा, मगे तापाचा बघू.” ग्रामसभेत तेच जरा शुद्ध मराठीत बोललं जातं आणि व्हॉट्सॲपवर त्याला मेलेल्या वानराचा फोटो चिकटतो. माकडं ताप घेऊन येतात, तेव्हा माकडं हाकलली की ताप गेला, असा हा साधासोपा हिशेब आहे. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ साली आणि दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली या तापाचे रुग्ण सापडले. आरोग्य खात्याने पत्रकं वाटली, सभा घेतल्या, पण हिशेब काही बदलला नाही.

तो चुकीचा आहे. माणसाला हा ताप देते ती गोचीड.

ही काही कालची माहिती नाही. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या गावांतले लोक तापाने फणफणू लागले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) शास्त्रज्ञ तिथे पोचले तेव्हा त्यांच्या डोक्यात भलतीच भीती होती. दक्षिण अमेरिकेत जंगलातली माकडं मरायला लागली, की पीतज्वराची शंका घेतात. हा डासांमार्फत पसरणारा रोग भारतात कधीच नव्हता. तो शिरला असता तर हाहाकार उडाला असता. पण केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांच्या चमूच्या हाती लागला तो वेगळाच विषाणू. त्याचं जवळचं नातं निघालं रशियातल्या एका गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूशी. म्हणजे डास सुटला आणि गोचीड सापडली. हेमाफायसॅलिस स्पायनिजेरा ही जंगलातली गोचीड त्याची मुख्य वाहक ठरली. शास्त्राने हा निकाल लावला त्याला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी गावोगावी खटला अजून माकडावरच चालू आहे.

मग माकडाचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. विषाणू असलेली गोचीड माकडाला चावली, की त्याच्या रक्तात विषाणू झपाट्याने वाढतो. त्याच वेळी अंगावर रक्त पीत बसलेल्या इतर गोचिडीही बाधित होतात. वानर आणि लाल तोंडाचं माकड या दोघांनाही हा रोग जिवावर बेततो. माकड मेलं आणि अंग गार पडलं, की गोचिडी ते सोडून खाली उतरतात आणि पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पालापाचोळ्यात, पसरतात. माकड मेलेली जागा धोक्याची, ती एवढ्यासाठी. म्हणूनच मेलेलं माकड सापडलं, की आसपासच्या ५० फुटांच्या परिघात कीटकनाशक पावडर मारण्याचा नियम आहे. मेलेल्या किंवा आजारी माकडाला हात लावू नये, लाकडाने ढोसूनही पाहू नये. वनखात्याला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं. माणसं आजारी पडण्याआधी रानात विषाणू फिरतोय याची वर्दी बहुतेक वेळा माकडांच्या मरणातूनच मिळते. ज्याच्यामुळे वर्दी मिळते त्यालाच गावाबाहेर काढायला निघणं हा कुठला शहाणपणा?

बरं, हाकलून ती जाणार कुठे? शेजारच्या वाडीत. आजारी कळप पळवला, की त्याच्या अंगावरच्या गोचिडीही त्याच्याबरोबर निघतात. सगळी माकडं नाहीशी झाली असं गृहीत धरलं, तरी रानातले उंदीर, चिचुंद्र्या, खारी यांच्यावर गोचिडींच्या पिल्लांचं पोट भरतंच.

आणि माकडावर एवढा राग धरणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या गोठ्यात डोकावून पाहावं. मोठी झालेली गोचीड गाई-म्हशींच्या रक्तावर पोसते, टम्म फुगते, जमिनीवर पडते आणि शेकड्यांनी अंडी घालते. गुरांमध्ये हा विषाणू फारसा वाढत नाही, त्यामुळे ती रोगाचा स्रोत ठरत नाहीत. पण गोचिडींची पैदास टिकते ती बरीचशी गुरांवर. गुरं हाकला असं कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. गोचीडनाशक औषधाने त्यांची अंगं स्वच्छ ठेवली तरी पुष्कळ झालं. माकडं नारळ फोडतात, केळीचे घड ओरबाडतात, हे शेतकऱ्याचं दुखणं शंभर टक्के खरं आहे आणि त्याची भरपाई त्याला मिळायलाच हवी. पण ती वेगळी तक्रार आहे, तिला तापाचं निमित्त जोडू नये.

खरा धोका कुठे असतो, हे काजूच्या बागेत कळतं. पावसाळ्यानंतर अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्लं पुढच्या अवस्थेत जातात ती साधारण डिसेंबर ते मे या काळात, आणि माणसाला चावते ती मुख्यतः हीच अवस्था. आकार खसखशीच्या दाण्याएवढा, त्यामुळे चावली तरी कळत नाही. नेमक्या याच महिन्यांत झाडाखाली बोंडू पडतात. बाई कमरेत वाकून, उघड्या पायांनी आणि उघड्या हातांनी पातेरा बाजूला सारत बोंडू उचलते, बी पिळून काढते आणि घमेल्यात टाकते. दिवसभर हेच काम. काजू कामगारांच्या या धोक्याचा गोव्यात मुद्दाम अभ्यास झाला आहे. जळण आणणारे, पातेरा गोळा करणारे, रानात गुरं चारणारे हेही त्याच रांगेत. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात गमबूट, उघड्या अंगाला गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी किंवा डेपा तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे थेट गरम पाण्यात, एवढं केलं तर बराच धोका टळतो. मार्चच्या उन्हात गमबूट घालून राबणं सोपं नाही, हे सल्ला देणाऱ्यांनीही लक्षात ठेवलेलं बरं.

आता किरकोळ गैरसमज. रुग्णाजवळ बसल्याने, त्याचं उष्टं खाल्ल्याने माकडताप होत नाही. माणसापासून माणसाला तो पसरत नाही. दुधातून पसरल्याचा पुरावा नाही. बोंडू खाल्ल्याने तर नाहीच. मंकीपॉक्स हा पूर्णपणे वेगळा रोग. गावात धुराची फवारणी केली तर डास मरतील, पातेऱ्यातल्या गोचिडीला काही होत नाही. सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांनी हा रोग आणला, ही शंका मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती: रशियन विषाणूशी नातं दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्षितज्ज्ञ सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत वळी घालून शोध घेतला. ठोस पुरावा मिळाला नाही.

अंगाला चिकटलेल्या गोचिडीला विडीचा चटका द्यायचा किंवा रॉकेल लावायचं, हा जुना उपाय सोडून द्यावा. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि जागा साबणाने धुवावी.

“लस घेतली होती, आता कशाला घाबरायचं?” असंही ऐकू येतं. कर्नाटकात वर्षानुवर्षं दिली गेलेली लस दोन मात्रांनंतर साधारण ६२ टक्के आणि बूस्टरनंतर ८३ टक्के परिणामकारक असल्याचं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पुढे तिची ताकद कमी पडते म्हणून २०२२ साली ती बंदच झाली. नव्या लशीचं काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) हाती घेतलं आहे.

विषाणूवर थेट औषध नाही, म्हणून दवाखान्यात जाऊन उपयोग नाही, हा समज मात्र जीव घेऊ शकतो. दगावण्याचं प्रमाण ३ ते ५ टक्के आहे, आणि पाण्याची पातळी, रक्तदाब, रक्तस्राव यांवर वेळेवर लक्ष ठेवलं तर पुष्कळ रुग्ण वाचतात. गोचीड चावल्यापासून ३ ते ८ दिवसांत एकदम थंडी वाजून ताप येतो, डोकं फुटेल असं दुखतं, अंग ठेचून काढल्यासारखं होतं. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. दहा ते वीस टक्के रुग्णांना बरं वाटल्यावर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप चढतो आणि तेव्हा मेंदूवर परिणाम दिसू शकतो, म्हणून ताप उतरला की लगेच बागेत जाऊ नये. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, रक्तस्राव वाढतो. पहिल्या दिवसांत रक्ताच्या आरटीपीसीआर तपासणीत विषाणू सापडतो, मात्र ती तपासणी डॉक्टरांना सुचायला हवी. त्यासाठी गेल्या आठवड्यात आपण कोणत्या रानात, कोणत्या बागेत काम केलं आणि तिथे माकड मेलेलं दिसलं का, हे रुग्णाने न विचारताच सांगावं.