एका चाकाचे अंतर

२ ऑक्टोबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊ इथल्या आशियाई खेळांत पुरुषांची ३००० मीटर स्केटिंग रिले संपत आली होती. दक्षिण कोरियाचा जंग चोल-वॉन सगळ्यांच्या पुढे होता. रेषा हाताशी आल्यासारखी वाटली आणि त्याने आनंदाने दोन्ही हात वर केले. मागून येणाऱ्या तैवानच्या हुआंग यू-लिनने तेवढ्यात पाय पुढे फेकला. फलकावर आकडे झळकले: तैवान ४:०५.६९२, कोरिया ४:०५.७०२. कोरियाचे सुवर्ण गेलेच, त्यासोबत मिळणारी सक्तीच्या लष्करी सेवेतली सवलतही गेली.

एक शतांश सेकंद म्हणजे नेमके किती अंतर? सरासरी वेग सेकंदाला सव्वाबारा मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण बारा सेंटिमीटर. स्पीड स्केटच्या मोठ्या चाकाचा व्यास ११० मिलिमीटर असतो. जवळपास एका चाकाएवढ्या फरकाने सुवर्ण इकडचे तिकडे झाले.

या शर्यतीत तिसरा आलेला संघ भारताचा होता. आर्यनपाल सिंग घुमन, आनंदकुमार वेलकुमार आणि महाराष्ट्राचे सिद्धांत कांबळे व विक्रम इंगळे. वेळ ४:१०.१२८. सुवर्णापासून साडेचार सेकंदांच्या आत, पण त्या वेगाला हे अंतर पन्नास मीटरच्या वर जाते. हे पन्नास मीटर भरून काढायला काय लागते, हा प्रश्न मला सुरतेत बसून पडतो, कारण इथे चाकांचा हिशेब मांडणारे पालक रोज भेटतात.

सुरतेतल्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी वस्ती मोठी आहे. पोराचा पाय स्केट्सवर जरा स्थिरावला की बापाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सर, आता शंभरची चाकं घेऊ की एकशेदहाची?” ॲडजस्टेबल स्केट्सवरून थेट कार्बनच्या बुटावर जायचे असते. किंमत पाच आकडी, शिवाय मुलाचा पाय वर्षभरात वाढणार. तरीही पैसे जमवले जातात. पोरगे ज्यावर पळणार त्या जमिनीबद्दल मात्र फारसे कोणी विचारत नाही.

ती जमीन बहुतेक वेळा सोसायटीच्या आवारातल्या पेव्हर ब्लॉकची असते, नाहीतर सपाट काँक्रीटच्या छोट्या रिंकची. दोन्हीकडे वळण सपाट. आंतरराष्ट्रीय शर्यतीचा ट्रॅक २०० मीटरचा असतो आणि त्याची वळणे बाहेरच्या बाजूला चढत जातात. वळणाची त्रिज्या पंधरा मीटर धरली आणि वेग सेकंदाला बारा मीटर, तर खेळाडूला बाजूला ढकलणारे बल जवळजवळ त्याच्या स्वतःच्या वजनाएवढे होते. शरीर पंचेचाळीस अंशांपर्यंत आत झुकवावे लागते. उताराच्या वळणावर हे जमते, कारण जमीनच चाकाला खालून आधार देते. सपाट रिंकवर तेवढे झुकले तर चाक निसटणार, म्हणून मूल वळणाआधी वेग सोडायला शिकते. ही सवय हाडात मुरली की पुढे महागडी चाके घेऊनही ती जात नाही. वर्षानुवर्षे सपाटीवर सराव केलेला मुलगा पहिल्यांदा असा ट्रॅक पाहतो तेव्हा बिचकतो, आणि ते साहजिकच आहे.

क्वाड, म्हणजे दोन पुढे दोन मागे अशी चार चाकांची स्केट, आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत अजून स्वतंत्र गट म्हणून टिकून आहे. जागतिक स्पीड स्पर्धा मात्र इनलाइनवर, म्हणजे एका ओळीत चाके असलेल्या स्केटवर होतात. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने १८६३ मध्ये क्वाडच्या तळाशी रबरी गादी बसवली. त्यामुळे पाय कलवला की चाके त्या बाजूला वळू लागली. लहान, सपाट जागेत घट्ट वळण घ्यायला ही रचना उत्तम. आपल्याकडे क्वाड टिकली याचे मोठे कारण आपल्या रिंका लहान राहिल्या हेच असावे, असे माझे मत आहे. जागेने साधन निवडले, आणि पुढे आपण त्यालाच परंपरा म्हणू लागलो.

चाकांची निवड क्षुल्लक आहे असे मात्र नाही. चाक पॉलियुरेथेनचे असते आणि त्याचा कडकपणा ८५ए, ८६ए, ८८ए अशा आकड्यांत मोजतात. आकडा वाढला की चाक कडक होते, कमी दबते आणि लांब धावते, पण पकड घटते. जमीन निसरडी असेल तर मऊ चाक, जमीन चांगली धरत असेल किंवा खेळाडू वजनदार असेल तर कडक चाक. उन्हात पॉलियुरेथेन मऊ पडते, त्यामुळे जानेवारीतल्या थंड सकाळी बरे वाटलेले चाक मे महिन्यात चिकट वाटते. ओल्या रस्त्यासाठी वेगळी मऊ चाके मिळतात, आणि आपला पावसाळा पाहता ती चैन म्हणता येणार नाही. मोठा व्यास खड्ड्या-खडीवरून सहज जातो, पण पायाची उंची वाढवतो आणि गती घ्यायला अधिक जोर मागतो. लांब पल्ल्याच्या रस्त्याच्या शर्यतीत म्हणून १२५ मिलिमीटरची तीनच चाकेही वापरतात. पेव्हर ब्लॉकवर पळणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला यातले काय लागू पडते, हे प्रत्येक बापाने स्वतःला विचारावे.

एकदा जुनी चाके हातात घेऊन पाहा. स्केटर पाय बाहेर ढकलतो तेव्हा जोर चाकाच्या आतल्या कडेवर येतो, त्यामुळे ती कड आधी झिजते. चाक गोल न राहता एका बाजूने कापल्यासारखे दिसते. ॲलन कीने स्क्रू काढायचा, उजव्या पायाचे डाव्याला, पुढचे मागे, झिजलेली कड बाहेरच्या बाजूला येईल असे लावायचे, की त्याच चाकांवर आणखी बरेच दिवस निघतात. ही अदलाबदल कोणाच्या खिशाला जड नाही.

बेअरिंगच्या बाबतीत तर सुरत नशीबवान आहे. स्केटच्या चाकात ६०८ नंबरचे बेअरिंग बसते: आतले छिद्र ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. हा काही स्केटिंगचा खास माल नाही, लहान यंत्रांत सर्रास वापरला जाणारा आकार आहे. उधना-पांडेसऱ्याच्या लूम आणि प्रोसेसिंगच्या दुनियेत बेअरिंग उघडणे, रॉकेलमध्ये धुणे, तेल देणे ज्याला येत नाही असा फिटर सापडणार नाही. ज्या घरात बाप रात्रपाळीला मशीन चालवतो, त्या घरातल्या पोराचे बेअरिंग इथे कोणत्याही इंस्टाग्रामवाल्या प्रशिक्षकाच्या सल्ल्यापेक्षा चांगले सांभाळले जाते. गंजापासून मात्र सांभाळावे, तापीकाठची आणि खाडीची हवा लोखंडाला सोडत नाही.

साधन मोठे की मार्ग, हाच वाद बर्फावरच्या शर्यतींतही आहे. स्नोबोर्डच्या समांतर जायंट स्लालममध्ये दोघे एकाच वेळी, एक लाल आणि एक निळ्या फाटकांच्या मार्गाने उतरतात. चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्काने २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये हे सुवर्ण जिंकले, आणि आठवडाभर आधी स्कीच्या सुपर-जी शर्यतीतही सुवर्ण घेतले, तेही मिकाएला शिफ्रिनने आधी वापरलेल्या स्कींवर. उसनी साधने विजेतेपद देऊ शकतात. मार्गच सदोष असेल तर मात्र कितीही उंची साधन वाचवत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये इटलीतल्या कोर्टिना इथे स्कीच्या जागतिक स्पर्धेत समांतर शर्यत झाली. लाल मार्ग निळ्यापेक्षा स्पष्टपणे वेगवान निघाला. दोघांनी मार्ग बदलून दोनदा उतरायचे, पण पहिल्या फेरीतली आघाडी जास्तीत जास्त अर्धा सेकंदच मोजायची, असा नियम होता. त्यामुळे दुसऱ्या फेरीत लाल मार्ग मिळणे म्हणजे लॉटरी. मार्ता बासिनो आणि कॅथरीना लिएन्सबर्गर यांना सुवर्ण वाटून दिले गेले आणि खेळाडूंनी उघड नाराजी व्यक्त केली.

बर्फ आणि चाक यांचे नाते जुनेच आहे. स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन या अमेरिकन भावांनी १९८० च्या सुमारास इनलाइन स्केट लोकप्रिय केली ती उन्हाळ्यात आइस हॉकीचा सराव करता यावा म्हणून. सहा हिवाळी ऑलिंपिक खेळलेला आपला शिवा केशवन ल्यूजला, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीला, चाके लावून हिमालयातल्या रस्त्यांवर सराव करायचा. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या ५०० मीटर स्पीड स्केटिंगचे सुवर्ण जिंकणारी एरिन जॅक्सन आधी इनलाइन स्केटर होती. डेहराडूनची हिमाद्री ही बर्फाची रिंक २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. आपल्या सपाट प्रदेशातल्या मुलांनाही बर्फाची दारे चाकांवरूनच उघडतील असे दिसते.

गुजरातमध्ये २०२२ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. सुरतेच्या वाट्याला टेबल टेनिस, बॅडमिंटन आणि डुमसच्या वाळूतले खेळ आले, स्केटिंग अहमदाबादला गेले. २०० मीटरच्या ट्रॅकसाठी फार जागा लागत नाही. पंधरा मीटर त्रिज्येची दोन वळणे, पन्नासेक मीटरचे दोन सरळ पट्टे, सहा मीटर रुंदी, भोवती थोडी मोकळी जागा, म्हणजे शंभर बाय पन्नास मीटरमध्ये सगळे बसते. फुटबॉलचे मैदान याहून बरेच मोठे असते. वळणाचा चढ अचूक घडवणे आणि वर रेझिनचा एकसारखा थर देणे, खरा खर्च तिथे आहे.

तोवर रस्ता आहे. वेलकुमारने सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमधल्या बैदैहे इथल्या जागतिक स्पर्धेत १००० मीटर स्प्रिंट १:२४.९२४ वेळेत जिंकली, ताशी बेचाळीस किलोमीटरच्या वर. तिथेच ४२ किलोमीटरची मॅरेथॉनही त्याने मारली, आणि मॅरेथॉनला उताराचा ट्रॅक लागत नाही. लागतो तो खड्डे नसलेला बंद रस्ता. सुरतेतल्या रुंद रस्त्यांपैकी एखाद्यावर ४०० मीटरचा फेरा रविवारी पहाटे दोन तास मोकळा ठेवला, वाळू झाडून काढली आणि वळणावर गवताच्या पेंढ्या रचल्या, तर पोरांना निदान वेग न सोडता वळायचा सराव मिळेल. शंभर की एकशेदहा, याचे उत्तर त्या रस्त्यावर चार रविवार पळाल्यावर मुलगा स्वतःच देईल.