पडद्याआडचा नाताळ
सण उत्तरेकडचे : भाग ५

गेल्या आठवड्यात आपण फिनलंडमध्ये होतो. हेलसिंकीहून बोटीत बसलं की दोनेक तासांत टॅलिन, म्हणजे एस्टोनिया. डिसेंबरात इथला दिवस जेमतेम सहा तासांचा. दुपारचं जेवण उरकून भांडी घासेपर्यंत बाहेर अंधारून येतं.

एस्टोनियन लोक नाताळाला ‘योउलुद’ म्हणतात. या शब्दात ख्रिस्ताचं नाव नाही. ऐन थंडीतल्या सणाचं हे जुनं नाव स्कँडिनेव्हियातून आलेलं. खेड्यांत 21 डिसेंबरपर्यंत घर झाडूनपुसून लख्ख करायचं आणि सणाची बिअर तयार ठेवायची, असा रिवाज होता. 24 च्या संध्याकाळी घरात पेंढा अंथरायचा. पोरं त्यात लोळायची आणि तिथेच झोपायची. जेवणं झाली तरी टेबल आवरायचं नाही, दिवा मालवायचा नाही, कारण रात्री घरातले पितर जेवायला येतात. पेंढा आता गेला, पण पितर राहिले. आजही 24 तारखेला घरची मंडळी कबरस्तानात जातात, थडग्यावरचं बर्फ हाताने झटकतात आणि मेणबत्ती लावतात. एरवी चर्चकडे न फिरकणारेही त्यात असतात.

आज सत्तरीत असलेल्या आज्यांचं बालपण सोव्हिएत राजवटीत गेलं. त्या काळी नाताळ कॅलेंडरातून हद्दपार झाला होता. 25 डिसेंबरला सुट्टी नसे. सूचिपर्णी झाड सजवायला हरकत नव्हती, फक्त ते ‘नववर्षाचं झाड’ म्हणायचं. भेटी आणणाऱ्या ‘योउलुवाना’चा, म्हणजे नाताळबाबाचा, ‘नॅरिवाना’ झाला. दाढी तीच, पोतडी तीच, फक्त ड्यूटी आठवडाभर पुढे ढकललेली! चर्चमध्ये कोण जातंय यावर नजर असे, त्यामुळे घरोघर पडदे ओढून मेणबत्त्या लागत. 1980 च्या दशकाच्या अखेरीस सण पुन्हा उघडपणे सुरू झाला, तेव्हा तो कुणाला नव्याने शिकवावा लागला नाही. मला याचं श्रेय धर्मापेक्षा स्वयंपाकघराला द्यावंसं वाटतं.

कारण ताट बदललंच नव्हतं. त्यातला मानाचा पदार्थ ‘वेरिवोर्स्त’, म्हणजे रक्ताचं सॉसेज. सातूच्या भरड्या कण्या शिजवायच्या, त्यात परतलेला कांदा, डुकराची चरबी आणि रक्त कालवायचं. वर मरवा चुरून घालायचा. हो, आपल्याकडे गजऱ्यात ओवतात तोच मरवा! एस्टोनियनमध्ये त्याचं नावच मुळी ‘सॉसेजचं गवत’ अशा अर्थाचं आहे. हे सारण धुऊन स्वच्छ केलेल्या आतड्यात भरायचं, पण गच्च नाही, नाहीतर कण्या फुगून आतडं फुटतं. आधी उकडायचं, मग साल कुरकुरीत होईपर्यंत भट्टीत भाजायचं. सोबत आंबवलेला कोबी, बटाटे आणि लिंगनबेरीचा आंबटगोड मुरंबा. रक्त म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांनी मटणवाल्याकडची रक्ती आठवावी. गोव्यातल्या जुन्या पद्धतीच्या सोरपोतेलातही डुकराचं रक्त पडतंच. आता बहुतेक घरांत वेरिवोर्स्त दुकानातून तयार येतं. ते भट्टीतून कधी काढायचं, हे मात्र अजून आजीच ठरवते.

नातवंडांचा नाताळ डिसेंबर लागताच सुरू होतो. रात्री खिडकीत सपाता ठेवून झोपायचं. ‘पॅकापिक’ नावाचे ठेंगू येतात आणि त्यात चॉकलेट किंवा संत्रं टाकून जातात. 24 च्या रात्री नाताळबाबा येतो, पण फुकट काही देत नाही. आधी कविता म्हणायची किंवा गाणं गायचं, मग भेट. मोठ्यांनाही यातून सुटका नसते. बँकेत साहेब असलेला बाबा पाठ केलेल्या चार ओळींत अडखळला की पोरांना जो आनंद होतो, तो भेटीपेक्षा मोठा!

झाड आणण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. सरकारी जंगलात जायचं, मनाजोगतं लहानसं झाड हेरायचं, मोबाइलवरून पैसे भरायचे आणि स्वतःच कापून घरी आणायचं. फक्त ते कुठून कापता येईल याचे नियम पाळायचे.

पुढच्या आठवड्यात आणखी दक्षिणेला, लाटव्हियात जाऊ. तिथे नाताळात लाकडाचा ओंडका घराघरांतून ओढत फिरवतात आणि शेवटी जाळतात.