मंडळे गेली, अनुशेष राहिला

मागास प्रदेश आपोआप पुढे येत नाहीत. त्यासाठी अधिकार असलेली यंत्रणा लागते. बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला चालना दिली. पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्रित विचार त्यात होता. १९४८ साली कायद्याने दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले.

आणि आपल्याकडे? विदर्भ-मराठवाड्यासाठी विकास मंडळांची तरतूद १९५६ सालीच घटनेत आली. प्रत्यक्षात मंडळे आली १९९४ साली! दरम्यान, दांडेकर समितीने १९८४ साली ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष मोजून दाखवला होता. मंडळांना अनुशेष मोजता येत होता, शिफारस करता येत होती. पण कामे करून घेण्याची सत्ता मंत्रालयातच राहिली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदतही संपली. पुनर्गठनाचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो २०२२ साली.

खरा प्रश्न पुढेच आहे. दांडेकर समितीने अनुशेष जिल्हावार मोजला. पण कालव्याचे पाणी जमीनवाल्याच्या शेतात जाते. भूमिहीनाच्या वाट्याला काय येते? जिल्ह्याची सरासरी सुधारली म्हणून गावकुसाबाहेरची वस्ती सुधारत नाही. म्हणून मंडळे पुन्हा मागताना दोन गोष्टी ठणकावून मागितल्या पाहिजेत : मंडळांना निधीवर अधिकार आणि अनुशेषाची वस्तीनिहाय मोजणी. नाहीतर मागासांच्या नावाने येणारा पैसा पुन्हा पुढारलेल्यांच्याच दारात जिरेल.