मिटलेला लॅपटॉप, जागे यंत्र

रात्री दुकान वाढवताना हिशेबाचा लॅपटॉप मिटून पिशवीत ठेवला जातो. सकाळी पाहावे तर तो हाताला चटका देतो आणि पूर्ण भरलेली बॅटरी तळाला गेलेली असते. दोष बॅटरीचाच असेल असे नाही.

पूर्वीच्या लॅपटॉपची निद्रा गाढ असे. मेमरीपुरती वीज चाले, प्रोसेसर बंद राही. २०१५ साली विंडोज १० बरोबर 'मॉडर्न स्टँडबाय' ही पद्धत आली. तीत यंत्र मोबाईलप्रमाणे अर्धवट जागेच असते आणि वाय-फायवरून ई-मेलही घेत राहते. एखादा सदोष ड्रायव्हर त्याला पुरते निजू देत नाही. उघड्या मेजावर हे खपून जाते. बंद पिशवीत मात्र उष्णता कोंडते, आणि उष्णता हा लिथियम बॅटरीचा शत्रू. बॅटरी फुगलेली दिसल्यास लॅपटॉप वापरूच नये.

उपाय जुनाच आहे: 'हायबरनेट'. त्यात उघडे काम डिस्कवर साठवले जाते आणि यंत्र जवळजवळ पूर्ण बंद होते. कंट्रोल पॅनेलमधील 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये झाकण मिटल्यावर काय व्हावे हे ठरवता येते. तेथे 'स्लीप'ऐवजी हा पर्याय निवडावा. सुरू होण्यास थोडा अधिक वेळ लागतो, इतकेच.

तरीही बॅटरी टिकत नसेल, तर नवी घेण्याची घाई नको. विंडोजच्या बॅटरी अहवालात मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही छापलेल्या असतात. तंत्रज्ञाकडून तो अहवाल आधी मागून घ्यावा आणि ताळेबंदासारखे दोन्ही आकडे ताडून पाहावेत.